बातमी साहित्याची, गोष्ट गोदामाची

28 मार्च 2024, गुरुवार. अमेरिकेतल्या चारशेच्या आसपास छोट्या प्रकाशकांना कळलं की आपला वितरक आजपासून नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची ‘स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन’ ही संस्था 1969 पासून चालू होती आणि त्या दिवशी ती तडकाफडकी बंद झाली. महिन्याची सोडा, दिवसाचीही मुदत मिळाली नाही. कवितासंग्रह, अनुवाद, प्रायोगिक गद्य असलं इतर वितरक हातही न लावणारं साहित्य ती दुकानांपर्यंत पोचवायची. बर्कलीचं गोदाम रिकामं करून तीन लाखांच्या आसपास प्रती तिने त्याआधीच दुसऱ्या दोन कंपन्यांच्या गोदामांत हलवल्या होत्या. त्यामुळे विकलेल्या पुस्तकांचे पैसे एकीकडे अडकले आणि न विकलेली पुस्तकं दुसरीकडे.

बातमी आली तशी ‘कवितेचं आता काय होणार’ छापाचे लेख आले. कवितेचं काय व्हायचं ते होईल, पण प्रकरण कवितेचं नव्हतंच. ते होतं गठ्ठ्यांचं, उधारीचं, वाहतुकीचं. साहित्यिक मासिकं आणि स्वतंत्र प्रकाशनसंस्थांच्या बातम्या वाचताना मला हे पुन्हापुन्हा जाणवतं. मासिक बंद पडलं, छोट्या प्रकाशकाला मोठं पारितोषिक मिळालं, कुणाचं अनुदान गेलं, अशा बातम्या वरून अभिरुचीच्या वाटतात. खाली बघावं तर प्रश्न एकच असतो, वाचकाच्या खिशातून निघालेला पैसा वाटेत किती दिवस आणि कुणाकडे थांबतो.

तेव्हा आधी एका पुस्तकाचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण चाल खरी आहे.

पुस्तकाची छापील किंमत 20 डॉलर धरा. दुकानदाराला ते साधारण 40 टक्के सवलतीने मिळतं, घाऊक विक्रेत्याला आणि ऑनलाइन विक्रेत्याला 50 ते 55 टक्क्यांनी. सरासरी निम्मी धरली तर वितरकाकडे 10 डॉलर जमा होतात. त्यातला अंदाजे चौथा हिस्सा साठवण, पाठवणी, वसुली आणि विक्री प्रतिनिधींच्या फेऱ्यांसाठी वितरक ठेवून घेतो. प्रकाशकाला उरले साडेसात. हजार-दीड हजारांची आवृत्ती असेल तर छपाई-बांधणी प्रतीमागे तीन-साडेतीन डॉलरला पडते. लेखकाची रॉयल्टी दीड डॉलर. म्हणजे अडीच-तीन डॉलरमध्ये संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, जाहिरात, टपाल, जागेचं भाडं आणि जमलंच तर प्रकाशकाचं पोट. यात अनुवादकाचं मानधन धरलेलं नाही. ते धरलं की बहुतेक अनुवादित पुस्तकं कागदावरच तोट्यात जातात.

आता या साडेसात डॉलरची तारीख बघा. छपाईचं बिल आवृत्ती निघाली की द्यावं लागतं. वितरकाकडून पैसे येतात ते विक्रीनंतर तीन-चार महिन्यांनी. या मधल्या काळात पुस्तक प्रकाशकाचं, पण ते असतं वितरकाच्या गोदामात, आणि पैसा प्रकाशकाचा, पण तोही वितरकाच्याच खात्यात. माल ठेवायला दिलेला असतो, विकलेला नसतो. या व्यवस्थेत रोजच्या रोज काही बिघडत नाही. वितरकच कोसळला तर मात्र छोटा प्रकाशक घेणेकऱ्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो. आधी बँक, कर, पगार. उरलंच तर तुम्ही.

याहून चक्रावणारी गोष्ट परतीची आहे. बहुतेक धंद्यांत दुकानदाराने माल घेतला की तो त्याचा झाला. पुस्तकाच्या धंद्यात तसं नाही. 1930 च्या दशकातल्या महामंदीत दुकानं नवी पुस्तकं घ्यायला कचरू लागली, तेव्हा अमेरिकन प्रकाशकांनी तोड काढली: घ्या तर खरी, नाही खपली तर परत पाठवा, पूर्ण पैसे वळते करू. मंदी गेली, रिवाज राहिला. त्यामुळे ‘आठशे प्रती गेल्या’ याचा अर्थ आठशे प्रती दुकानांत गेल्या, एवढाच. सहा महिन्यांनी त्यातल्या तीनशे परत येऊ शकतात. कोपरे दुमडलेले, किमतीचं चिकटपत्र अर्धवट खरवडलेलं, नवं म्हणून विकता न येणाऱ्या. शिवाय परतीच्या हाताळणीचे पैसेही वितरक कापतो. वितरकाच्या मासिक पत्रकात म्हणूनच कधीकधी उणे विक्री दिसते. त्या महिन्यात तुम्ही काहीही न करता वितरकाला देणं लागता. पुढच्या परतीसाठी म्हणून वितरक काही रक्कम आधीच राखूनही ठेवतो. प्रकाशक तेच लेखकाच्या रॉयल्टीबाबत करतो, आणि लेखकाला वाटतं आपल्याला फसवलं जातंय. (क्वचित फसवलं जातंही.)

हा रिवाज मोडावा असं दर काही वर्षांनी कुणीतरी म्हणतं. पण परतीची सोय काढून घेतली तर दुकानदार सर्वांत आधी अनोळखी कवीचा संग्रह ठेवणं बंद करील, खपणाऱ्या कादंबऱ्या नव्हे. जो नियम छोट्या प्रकाशकाचा गळा धरतो तोच त्याला दुकानात शिरू देतो.

स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन गेल्यावर मोठ्या वितरकांकडे जायचं असं कागदावर सोपं वाटलं. अमेरिकेत या व्यवहारातली सगळ्यात मोठी कंपनी इन्ग्रॅम. पण मोठ्या वितरकाला किमान उलाढाल लागते आणि वर्षाला दोन कवितासंग्रह काढणाऱ्याची फाइल उघडणंही त्याला परवडत नाही. काही प्रकाशक सिएटलच्या ‘अ‍ॅस्टरिझम’सारख्या नव्या, लहान वितरकाकडे गेले. काहींनी मागणीनुसार छपाई धरली, म्हणजे ऑर्डर आली की एक प्रत छापायची. त्यात प्रत महाग पडते, पण गोदामच लागत नाही. काहींनी घरातल्या मोकळ्या खोलीत खोकी रचली आणि टपालाची रांग धरली. काहींनी दुकान आवरलं. पुढच्या वर्षी दुसरा धक्का बसला. ग्रंथालयांना पुस्तकं पुरवणारी, 1828 पासून चालत आलेली ‘बेकर अँड टेलर’ कंपनी आपण बंद होणार असं ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झालं. साहित्याच्या पानांवर त्याची तेवढी हळहळ दिसली नाही. छोट्या प्रकाशकांच्या काही पुस्तकांना मात्र ग्रंथालय हेच खरं गिऱ्हाईक असतं.

पारितोषिकाच्या बातम्यांचंही असंच. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरातली ‘गॅली बेगर प्रेस’ दोन-चार माणसांची संस्था. 2019 मध्ये तिने काढलेली लूसी एलमन यांची हजार पानांची कादंबरी, जिचा बहुतेक भाग म्हणजे एकच लांबलचक वाक्य, बुकरच्या लघुयादीत आली. अशा वेळी आपण ‘नशीब फळफळलं’ म्हणतो. पण लघुयादीच्या दुसऱ्या दिवशी दुकानांना पुस्तकं हवी असतात, पैसे ती नंतर देणार असतात. छापखान्याला आत्ताच हवे असतात. ‘द बुक पीपल’ नावाच्या विक्री कंपनीने लघुयादीतल्या पुस्तकांच्या खास प्रती मागवल्या. गॅली बेगरने 8,000 प्रती छापून दिल्या. हजार पानांची एकेक प्रत म्हणजे कागदाचाच खर्च केवढा, बघा. डिसेंबरमध्ये ती विक्री कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि गॅली बेगरचे सुमारे 40,000 पौंड तिच्याबरोबर बुडण्याच्या बेतात आले. शेवटी प्रकाशकांनी वाचकांपुढे उघड हात पसरले. एका दिवसाच्या आतबाहेर रक्कम जमली, संस्था वाचली. म्हणजे ज्या वर्षी त्यांचं पुस्तक सर्वांत जास्त गाजलं त्याच वर्षी ती संस्था बुडायला आली होती, आणि यात त्यांची चूक एकच, त्यांनी आलेली मोठी ऑर्डर घेतली.

मग पारितोषिक छोट्या प्रकाशकाला नकोच का? हवंच. फक्त पैसा कुठल्या दाराने येतो ते बघायचं. लंडनची ‘फिट्झकराल्डो एडिशन्स’ 2014 मध्ये सुरू झाली. निळ्या आणि पांढऱ्या साध्या मुखपृष्ठांची तिची पुस्तकं दुरून ओळखू येतात. तिच्या यादीतल्या स्वेतलाना अ‍ॅलेक्सिएविच, ओल्गा तोकार्चुक, अ‍ॅनी एर्नो आणि यून फॉसे या चौघांना 2015 ते 2023 या काळात नोबेल जाहीर झालं. हे डोळस निवडीचं फळ, यात वाद नाही. पण अ‍ॅलेक्सिएविच यांच्या पुस्तकाचे इंग्रजी हक्क या संस्थेने नोबेलच्या आधी थोडक्या पैशांत घेतले होते आणि अमेरिकेपुरते हक्क नंतर मोठ्या प्रकाशकाला विकले. या क्षेत्रातला सगळ्यात स्वच्छ पैसा हक्कांचा. हक्कांना गोदाम लागत नाही, ते परत येत नाहीत, त्यांचे कोपरे दुमडत नाहीत. छोट्या संस्थेने अमुक पुस्तकाचे ‘जागतिक हक्क’ घेतले अशी एका ओळीची बातमी दिसली तर ती पारितोषिकाच्या बातमीइतकीच नीट वाचावी.

आपल्याकडच्या दोन नावांमागेही अशाच छोट्या संस्था आहेत. 2022 चं इंटरनॅशनल बुकर गीतांजली श्री आणि अनुवादक डेझी रॉकवेल यांना मिळालं, पुस्तक काढलं होतं ‘टिल्टेड अ‍ॅक्सिस प्रेस’ने. 2025 चं बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांना मिळालं, प्रकाशक शेफील्डची ‘अँड अदर स्टोरीज’. मोठ्या प्रकाशकांना हिंदी किंवा कन्नड पुस्तकं दिसत नाहीत असं नाही. त्यांच्या गणिताला पहिल्याच आवृत्तीत काही हजार प्रतींचा खप लागतो आणि छोट्याच्या गणिताला काही शे पुरतात, इतकंच.

मासिकांकडे वळलं की हिशेब आणखी विरतो. मराठीत अशा प्रकाशनांना ‘अनियतकालिक’ हा फार प्रामाणिक शब्द आहे: पैसे जमले की अंक. इंग्रजीत त्यांना ‘लिटल मॅगझिन’ म्हणत आले आणि नावाप्रमाणे त्यांची कमाईही लिटलच राहिली. विक्रीवर जगणारं साहित्यिक मासिक जवळजवळ नसतंच. त्याच्यामागे विद्यापीठ असतं, अनुदान असतं, देणगीदार असतो किंवा संपादकाची दुसरी नोकरी असते. म्हणून मासिक बंद पडल्याच्या बातमीत वाचकसंख्येचा उल्लेख शोधू नका, आश्रयदाता काय म्हणतो ते बघा. 1988 पासून निघणारं ‘गेटिसबर्ग रिव्ह्यू’ 2023 मध्ये बंद झालं, ते महाविद्यालयाने हात काढून घेतला म्हणून. लेखकांची आणि वाचकांची पत्रं ढिगाने गेली, पण आश्रयदात्याचा निर्णय पत्रांनी क्वचितच फिरतो. ‘तूर्त स्थगित’ हाही असाच एक शब्द. लंडनच्या ‘व्हाइट रिव्ह्यू’ने 2023 मध्ये तो वापरला. तूर्त म्हणजे किती दिवस, हे विचारायचं नसतं.

आश्रयदात्याचं उलटं टोक म्हणजे शिकागोचं ‘पोएट्री’. हॅरिएट मन्रो यांनी 1912 मध्ये सुरू केलेलं हे मासिक नव्वद वर्षं ओढाताणीत चाललं. रूथ लिली नावाच्या एक बाई औषधकंपनीच्या वारसदार होत्या. त्या तिथे कविता पाठवायच्या आणि कविता साभार परत यायच्या, पण संपादक सोबत हाताने दोन ओळी लिहायचे. 2002 मध्ये याच बाईंनी मासिकाला सुमारे 10 कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. साभार परतीची चिठ्ठी सभ्यपणे लिहावी, असं मला या गोष्टीवरून सगळ्या संपादकांना सांगावंसं वाटतं. एवढा पैसा आल्यावर मासिकात वादावादी झाली नाही असं नाही, पण ते अजून निघतं.

‘द बिलीव्हर’ या मासिकाची हकिकत मात्र कुणी रचून सांगितली असती तर खरी वाटली नसती. 2003 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मॅकस्वीनीज’ने ते सुरू केलं, 2017 मध्ये लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठाच्या एका केंद्राकडे गेलं आणि 2021 मध्ये विद्यापीठाने ते बंद करत असल्याचं सांगितलं. पुढे ते विकलं गेलं एका डिजिटल मार्केटिंग कंपनीला. थोड्याच दिवसांत मासिकाच्या संकेतस्थळावर डेटिंग साइट्सची भलामण करणारा मजकूर झळकला. असल्या कंपनीला साहित्यिक मासिक कशाला हवं? त्यातल्या निबंधांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. एवढी वर्षं मोठमोठ्या वृत्तपत्रांनी, विद्यापीठांनी त्या संकेतस्थळाचे दुवे दिलेले असतात. त्यामुळे शोधयंत्रं त्याला वजनदार समजतात. त्या पत्त्यावर काहीही चिकटवलं तरी ते शोधात वर येतं. संपादकांनी अंकाअंकाने कमावलेली पत अशी भाड्याने देता येते. हलकल्लोळ झाला, 2022 मध्येच मॅकस्वीनीजने मासिक परत विकत घेतलं आणि वाचकांच्या वर्गणीतून ते पुन्हा सुरू झालं. मासिक विकलं गेल्याची बातमी आली की अंकाबरोबर संकेतस्थळाचा पत्ता कुणाच्या नावावर गेला हेही बघायला हवं, ते यासाठी.

मासिकांकडे येणाऱ्या साहित्याचाही आता हिशेब झालाय. पूर्वी लेखक पाकिटाबरोबर परतीचं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचा. आता ‘सबमिटेबल’सारख्या प्रणालीतून फाइल चढवतो आणि अनेक मासिकांना 3 डॉलरच्या आसपास शुल्क देतो. नामांकित मासिकांत शंभरात एखादंच लेखन स्वीकारलं जातं, म्हणजे उरलेले नव्व्याण्णव मिळून मासिकाचा थोडा खर्च उचलतात. लेखकांना हे बोचतं, आणि बोचायला हवंच. फक्त जिथे शुल्क नाही तिथे काय होऊ शकतं तेही बघा. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ हे विज्ञानकथांचं मासिक शुल्क घेत नाही, शिवाय तेव्हा शब्दामागे 12 सेंट मानधन द्यायचं. फेब्रुवारी 2023 मध्ये, 20 तारखेपर्यंत, त्यांच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या पाचशेच्या आसपास कथा येऊन पडल्या आणि त्यांना स्वीकारच थांबवावा लागला. ‘घरबसल्या कमवा’ सांगणाऱ्या लोकांनी मानधन देणाऱ्या मासिकांच्या याद्या फिरवल्या होत्या. पुढच्या महिन्यात स्वीकार पुन्हा सुरू झाला. तीन डॉलरचं शुल्क लावलं असतं तर हा लोंढा बहुधा आला नसता, पण ज्याला तीन डॉलर जड आहेत तो लेखकही आला नसता. संपादकांनी दुसरी गोष्ट महत्त्वाची मानली. मला ते पटतं, माझ्यावर तो ढीग उपसायची वेळ नाही म्हणूनही असेल.

उरलं अनुदान. 2 मे 2025, शुक्रवारची संध्याकाळ. अमेरिकेच्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ या सरकारी संस्थेकडून देशभरच्या कलासंस्थांना ईमेल गेले: तुमचं मंजूर अनुदान रद्द, तुमचा प्रकल्प आता आमच्या प्राधान्यात बसत नाही. त्यात अनेक मासिकं आणि छोटे प्रकाशक होते. रकमा काही हजार डॉलरच्या, ऐकायला किरकोळ. पण या अनुदानाची रीत अशी की तेवढीच रक्कम तुम्ही दुसरीकडून उभी करायची, आणि पुष्कळदा खर्च आधी करून मागाहून मागायचा. ज्यांनी अनुवादकाला शब्द दिला होता, कागद सांगून ठेवला होता, त्यांना तो पैसा कुठून काढायचा हे शुक्रवारी रात्री बसून ठरवावं लागलं. शिवाय सरकारी अनुदान दाखवून खासगी देणगीदाराकडे जाता येतं, ते प्रशस्तिपत्रही गेलं.

या सगळ्यातून सुटायचा एक रस्ता जुनाच आहे, पुस्तक निघण्याआधी वाचकाकडून पैसे घ्यायचे. ‘अँड अदर स्टोरीज’ जवळजवळ सुरुवातीपासून वर्गणी घेते. वर्षाला दोन, चार किंवा सहा पुस्तकं, अंक मागवावा तशी. पुस्तक अजून अनुवादकाच्या टेबलावर असताना पैसा संस्थेकडे आलेला असतो. त्यात दुकानाची सवलत नाही, वितरकाचा हिस्सा नाही, परत येणारी खोकी नाहीत. सगळा खर्च त्यातून निघत नाही, पण छापखान्याचं पहिलं बिल भरण्याइतका आधार होतो. त्यांचं एखादं पुस्तक हाती आलं तर शेवटची पानं उलटून बघा. मजकूर संपल्यावर, लहान टायपात, रकानेच्या रकाने भरून नावं छापलेली असतात. ती त्या वर्षीच्या वर्गणीदारांची.